सरकारी दवाखान्यातली वजन-कंबर तपासणी (इंदूर) : मोजमाप झकास, पुढचं सगळं रामभरोसे

तीस वर्षांच्या वर असाल आणि इंदुरात राहत असाल तर एकदा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन वजन-कंबर मोजून या, एक रुपया लागत नाही, आणि आपल्या मराठी मंडळींत बऱ्याच जणांना हे ठाऊकच नाही म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. सरकारी दवाखाना म्हटलं की पोलिओचे डोस, गरोदर बायकांची इंजेक्शनं आणि तापाच्या गोळ्या एवढंच डोक्यात येतं, जाडीसाठी तिकडं कोण जातं. जाडीसाठी आपण एक तर काहीच करत नाही, नाहीतर एकदम कुठलं तरी महागडं पॅकेज घेऊन बसतो, मधलं काही नाहीच.

दवाखान्याचं नाव आणि वस्ती लिहीत नाही. तिथल्या पोरी कामाला चांगल्या आहेत आणि मी खाली थोडं वाईटपण लिहिणार आहे, उगाच त्यांच्या मागं शुक्लकाष्ठ नको. शहराच्या पश्चिमेकडचा आहे, एवढं पुरे.

सुरुवात झाली ती २०२५ च्या सप्टेंबरात. आठवत असेल, 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' म्हणून मोहीम निघाली होती, १७ सप्टेंबरला आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यातूनच पंतप्रधानांनी सुरू केली होती आणि २ ऑक्टोबरपर्यंत चालली. त्या धामधुमीत आशा दीदी कॉलनीत फॉर्म घेऊन फिरत होती. सासूबाईंना वाटलं जनगणनावाली आली, त्यांनी आधी घरात किती माणसं ते सांगून टाकलं, मग तिनं विचारलं "अम्मा, कमर नापनी है" तर सासूबाई म्हणाल्या "माझी कशाला, हिची मोज." 'ही' म्हणजे मी.

तर तो फॉर्म. सीबॅक म्हणतात त्याला, पहिल्या भागात सहा प्रश्न आणि प्रत्येकाला मार्क. वय किती, तंबाखू-बिडी, दारू, कंबर, आठवड्यात दीडशे मिनिटं तरी व्यायाम होतो का, आणि आई-वडील-भावंडांत कोणाला बीपी, शुगर किंवा हृदयाचं काही आहे का. चारच्या वर मार्क गेले की तुमचा नंबर आधी, दवाखान्यात जाऊन तपासून घ्या म्हणतात. मी छेचाळीस वर्षांची, त्याचे दोन. तंबाखू-दारू शून्य. कंबर नव्वदच्या वर, दोन. व्यायाम नाही, एक (मी म्हटलं दिवसभर घरात पळतच असते, ती म्हणाली "वो नहीं गिनते आंटी"). आईला शुगर होती, त्याचे दोन. झाले सात. ह्यांचे पाच आले, त्यात एक मार्क 'कधीकधी' खाल्लेल्या गुटख्याचा, जो आजवर घरात कोणाला माहीत नव्हता, म्हणजे त्या फॉर्मनं आल्या आल्याच एक काम करून दाखवलं.

हा फॉर्म मला खरंच आवडला. त्यात कुठंही लाज वाटेल असा प्रश्न नाही, 'तुम्ही किती खाता' वगैरे नाही. दोन मिनिटांत होतो आणि मार्क समोरच मिळतात, आपल्या लोकांना मार्क मिळाले की लगेच दुसऱ्याला किती मिळाले ते विचारायचं असतंच, तशी समोरच्या वहिनींनीही मग तिला हाक मारून आपले मार्क काढून घेतले आणि मला ऐकवले. माझ्यापेक्षा कमी होते हे सांगायची गरज नाही.

मग आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. गर्दी होती पण कतार सरकत होती. पर्ची, आधार, आभा नंबर (सरकारी आरोग्य-ओळखीचा, नसेल तर तिथंच काढून देतात, चौदा आकडी असतो), आणि मग आतल्या खोलीत सिस्टर. वजनकाटा डिजिटल, चप्पल काढायला लावली, पर्स खाली ठेवायला लावली, मोबाईल पण. उंचीची पट्टी भिंतीला लावलेली, टाच भिंतीला टेकवून उभं केलं, अंबाड्यावर पट्टी आली तर म्हणाली जूडा खोलो. १५५ सेंमी, ६८ किलो.

कंबर कशी मोजली ते मात्र नीट सांगते कारण आपण सगळे चुकीचंच मोजतो. तिनं आधी परकराची गाठ सैल करायला लावली. मग बरगडीचं शेवटचं हाड बोटानं चाचपलं, कमरेच्या हाडाचं वरचं टोक चाचपलं, दोन्हीच्या बरोबर मध्ये पेनानं बारीक खूण केली आणि तिथून टेप आडवा फिरवला, मागं आरशात बघितला सरळ आहे का ते, मग म्हणाली "साँस छोड़ो आंटी, अंदर मत खींचो." मी खेचलं होतं. परत छोड़ो. ९४. माझा ब्लाऊजवाला टेलर वर्षानुवर्षं अठ्ठ्याऐंशी लिहितो, तो परकर बांधते तिथं मोजतो, आणि मला वाटतं थोडं मनानं पण लिहितो. बायकांना ८० च्या खाली आणि पुरुषांना ९० च्या खाली हवी असं तिनं सांगितलं. ह्यांची ९८ निघाली.

भिंतीवर बीएमआयचा रंगीत तक्ता होता. वजन भागिले उंचीचा वर्ग (उंची मीटरमध्ये), माझं २८.३ येतं. तक्त्यात साडेअठरा ते पंचवीस हिरवं, पंचवीस ते तीस पिवळं, तीसच्या वर लाल. म्हणजे मी पिवळ्यात, मी खूश. पण तक्त्यावर तेवीसच्या जागी कोणीतरी निळ्या बॉलपेननं उभी रेघ मारलेली होती आणि पंचवीसच्या जागी दुसरी, जाड. विचारलं तर सिस्टर म्हणाली रेघ मीच मारलीय, हा तक्ता बाहेरच्या लोकांसाठी आहे, आपल्याकडं तेवीसला वाढलेलं वजन आणि पंचवीसला मोटापा धरतात. आणि हे ती मनानं सांगत नव्हती, २००९ मध्येच आपल्या डॉक्टरांनी एकत्र बसून भारतीयांसाठी हे आकडे खाली आणलेत, कारण आपली चरबी हातापायांवर कमी आणि पोटात, आतड्यांभोवती जास्त साठते, म्हणून गोऱ्या माणसाला ज्या वजनाला शुगर होत नाही त्या वजनाला आपल्याला होते. त्या बॉलपेनच्या रेघेसाठी एक पूर्ण स्टार. छापलेला तक्ता बदलायला वरून कधी येईल तो येईल, हिनं तोवर लोकांना हिरव्यात राहू दिलं नाही.

इथं थोडे आकडे देते, ज्यांना बोअर होतं त्यांनी पुढं जा. आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात देशात दहा कोटींच्या वर लोकांना शुगर आणि साधारण साडेतेरा कोटी लोक काठावर असं निघालं. आणि पोटाची जाडी धरली तर ३९.५ टक्के लोक त्यात येतात, नुसता बीएमआय धरला तर २८.६ टक्के. म्हणजे काटा जेवढ्यांना पकडतो त्याच्यापेक्षा टेप कितीतरी जास्त लोकांना पकडतो. दिसायला सडपातळ आणि पोट तेवढं पुढं, असे किती तरी काका आपल्या गणपती मंडळात दिसतील, त्यांना कोणी जाडे म्हणत नाही, ते स्वतःही म्हणत नाहीत. उलट सरकारचा जो कुटुंब आरोग्य सर्व्हे असतो (२०१९-२१ वाला) त्यात अजून जुनंच २५ चं माप आहे, त्यात देशातल्या २४ टक्के बायका जास्त वजनाच्या निघाल्या, आधीच्या सर्व्हेत २०.६ होत्या.

मग बीपी आणि बोटातून रक्त घेऊन शुगर. माझं बीपी ठीक, शुगर ११८, अशी कधीही तपासलेली शुगर १४० च्या खाली असली की पास. ह्यांचं बीपी १४६/९२. थोडा वेळ बसवून परत घेतलं, तेवढंच आलं. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, मग डॉक्टरांनी बघितलं आणि गोळी सुरू झाली, गोळी तिथंच फुकट. इथपर्यंत मी पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते.

आता सल्ला. सल्ल्यासाठी एक हिंदी पत्रक देतात, 'तली-भुनी चीज़ें कम खाएँ, फल-सब्ज़ी अधिक खाएँ, रोज़ टहलें'. चूक काही नाही त्यात, पण ते भोपाळला पण चालेल आणि भुवनेश्वरला पण चालेल, इंदूरचं त्यात काहीच नाही. सकाळी चौराह्यावर पोहे-जिलबी, अकरा वाजता कचोरी, संध्याकाळी चहाबरोबर नमकीन, जेवताना वरणावर सेव, भाजीत सेव, भाजीच नसली तर सेवेची भाजी, थंडीत गराडू (तळलेला कंद), आणि पाहुणे आले की रात्री सराफ्याचा खाऊबाजार. 'तली-भुनी' वाचून इंदूरचा माणूस म्हणतो हो ना, मी समोसे फार खात नाही, आणि हात सेवेच्या डब्यात. आपण सेवेला तळलेलं धरतच नाही मुळी, ती मिठासारखी ताटात असतेच.

पण सिस्टरनं पत्रक बाजूला ठेवून जे तोंडी सांगितलं ते एकदम कामाचं होतं. म्हणाली, "पोहा खाओ, पोहा खराब नहीं है, भाप का है. ऊपर की सेव आधी करो और जलेबी संडे को." मग विचारलं घरात तेल किती लागतं. मी म्हटलं महिन्याला एक पाच लिटरचा डबा. माणसं किती? चार. तिनं पत्रकाच्या मागं हिशोब केला. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला एका माणसाला साधारण २७ ग्रॅम तेल-तूप सांगते, चार माणसं, तीस दिवस, ३२४० ग्रॅम. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या वर. आणि ह्यात तूप धरलेलं नाही, बाहेरचं तर नाहीच नाही. घरी येऊन सेवेचं पाकीट उलटं करून वाचलं, शंभर ग्रॅममध्ये फॅट तिशीच्या वर. तुम्ही पण वाचा आपल्या घरातलं, मग बोला.

तेव्हापासून डबा आणणं बंद केलंय, लिटरच्या पिशव्या आणते, पिशवी संपली की कळतं. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तेल दहा टक्के कमी करा म्हणून सांगितलं होतं ते ऐकून आमच्याकडं कोणी हललं नव्हतं, कारण दहा टक्के कशातले तेच माहीत नव्हतं. ३२४० म्हटल्यावर कळलं.

(त्यावरून आठवलं, २०२५ च्या जुलैत ते समोसा-जिलबीचं प्रकरण झालं होतं ना, की आता सिगरेटसारखी धोक्याची पाटी समोश्यावर लागणार, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नुसता गदारोळ, इंदूरची संस्कृती धोक्यात वगैरे. प्रत्यक्षात आरोग्य खात्यानं ऑफिसांत, कँटीनमध्ये तेल-साखरेची माहिती देणारे बोर्ड लावा एवढंच म्हटलं होतं, समोश्यावर कुठलीही पाटी नव्हती, सरकारला तसा खुलासा करावा लागला. लोक जेवढे त्या पाटीवर चिडले त्याच्या निम्मे जरी कंबर मोजायला गेले असते तर.)

आता जे खटकलं ते. आणि हे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण चूक त्या पोरींची नाही.

ह्यांचं बीपी निघालं, म्हणून ह्यांचं नाव मोबाईलच्या अॅपमध्ये चढलं. तेव्हापासून महिना झाला की फोन येतो, "अंकल, दवाई ख़त्म हो गई होगी, आ जाओ." नाही गेले तर आशा दीदी दारात. एकदा हे सुरतला गेले होते लग्नाला तर तिनं मला दोनदा विचारलं कधी येणार. इतकं तर ह्यांच्या सख्ख्या बहिणी विचारत नाहीत. आणि मी? माझं वजन ह्यांच्यापेक्षा वाईट, कंबर वाईट, मार्क जास्त, आईची शुगर. पण माझी शुगर ११८, बीपी ठीक, त्यामुळं अॅपच्या हिशोबानं माझी 'स्क्रीनिंग झाली', नॉर्मल, फाईल बंद. मला आजतागायत एक फोन नाही. मी स्वतः परत गेले तर सिस्टर बदललेली, नव्या पोरीनं परत पहिल्यापासून वजन-उंची-कंबर घेतली, चांगली घेतली, पण मागच्या वेळी किती होती आणि आता किती ते शेजारी शेजारी बघायची काही सोय तिच्याकडं नव्हती. मी पत्रकाच्या मागं लिहून ठेवलं होतं म्हणून मला कळलं की कंबर दोन सेंमी उतरली. तिला सांगितलं तर ती पण खूश झाली बिचारी, पण लिहायला रकाना नाही.

म्हणजे आजार झाला की हे खातं तुम्हाला धरून ठेवतं, सोडत नाही, शाबास. पण जी बाई आजाराच्या काठावर उभी आहे, जिला आत्ता धरलं तर पुढची दहा वर्षांची गोळी वाचेल, तिला मोजून सोडून देतात. कार्यक्रमाच्या नावातच तर आधी 'प्रतिबंध' आहे! २०१० पासून चाललेला राष्ट्रीय कार्यक्रम आहे हा, कॅन्सर, मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात अशा आजारांचा प्रतिबंध आणि नियंत्रण असं मोठं नाव होतं, २०२३ मध्ये नाव छोटं केलं, पण प्रतिबंध शब्द राहिलाच आहे. कामात नियंत्रण दिसतं, प्रतिबंध भिंतीवरच्या पोस्टरात दिसतो.

कारण विचाराल तर मला वाटतं मोजणीत आहे. वरून विचारतात किती लोकांची तपासणी झाली, किती बीपीवाले सापडले, किती गोळीवर आहेत. किती कंबरा उतरल्या असं कोणी विचारत नाही, मग खालची सिस्टर कशाला रकाना काढेल. शिवाय ह्या खात्याची सगळी घडण उपासमारीसाठी झालेली आहे आणि त्यात काही चूक नाही, आपल्या मध्य प्रदेशात त्याच सर्व्हेत पाच वर्षांखालची ३५.७ टक्के पोरं वयाच्या मानानं खुजी निघाली आहेत. त्याच सिस्टरच्या टेबलावर एकीकडं सुकलेल्या पोराला पोषण पुनर्वास केंद्रात पाठवायची चिठ्ठी आणि दुसरीकडं माझ्यासारखी ९४ ची कंबर. एकाच दिवशी एकाच बाईनं दोन्ही बघायचं. मी वाट बघत बसले होते तेव्हा माझ्या आधी एक आई अशीच बारीक पोर घेऊन होती आणि माझ्यामागं एक आठवी-नववीतला गोलमटोल मुलगा आईच्या बरोबर, त्याला तर त्यांनी परतच पाठवलं, तीसच्या वरच्यांचंच होतं इथं म्हणून. हे मला फार लागलं. त्याची आई स्वतःहून घेऊन आली होती हो.

आणि पोरांचा विषय निघालाच आहे तर, २०२० चा एफएसएसएआयचा (केंद्राच्या खाद्य सुरक्षा संस्थेचा) नियम आहे की शाळेच्या कँटीनमध्ये आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचं खाणं विकायचं नाही. नियम उत्तम. आता तुम्ही कुठल्याही शाळेच्या सुटीच्या वेळी गेटसमोर उभे राहा आणि पावलं मोजा, मी काही बोलत नाही. हे दवाखानेवाल्यांना विचारलं तर म्हणतात ते खाद्य सुरक्षावाल्यांचं, आमचं नाही. बरोबरच आहे. अंगणवाडी महिला-बाल विकासची, शाळा शिक्षण खात्याची, ठेलेवाला नगर निगमचा, तेलाचं सॅम्पल खाद्य सुरक्षा अधिकाऱ्यांचं, दवाखाना सीएमएचओंचा (जिल्ह्याचे मुख्य आरोग्य अधिकारी), आणि फुटपाथ, जिथं मी ती दीडशे मिनिटं चालायचीत, तो कोणाचा ते देवालाच माहीत, सध्या तरी त्यावर गाड्या खड्या असतात. म्हणजे माझी कंबर एक आणि खाती सहा.

बाहेर बघा, न्यूयॉर्कमध्ये शहराचं स्वतःचं आरोग्य खातं आहे, त्यानं २००६ मध्ये हॉटेलांतल्या ट्रान्स फॅटवर (वनस्पती तुपात असते ती वाईट चरबी) बंदी घातली, २००८ मध्ये मोठ्या साखळी हॉटेलांना मेन्यूवर कॅलरी लिहायला लावल्या. २०१२ मध्ये कोल्ड्रिंकचा मोठा ग्लास बंद करायला गेले तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१४ मध्ये कोर्टानं सांगितलं हा तुमचा अधिकार नाही, तिथं हरले. पण निदान हरायला मैदानात तरी उतरले. आपल्याकडं ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत आणायचा नियम २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाला, तो दिल्लीहून, आणि मेन्यूवर कॅलरी लिहायचा नियमही दिल्लीचा, दहा किंवा जास्त शाखा असलेल्यांना. म्हणजे मॉलमधल्या पिझ्झ्यावर कॅलरी लिहिलेली आणि सराफ्यातल्या मालपुव्यावर काही नाही. तसं मला सराफ्यात कॅलरीचे बोर्ड नकोच आहेत, रात्री साडेदहाला भुट्ट्याचा कीस खाताना कोणाला वाचायचंय. छप्पन दुकान (ही पण आमची खाऊगल्लीच) आणि सराफा दोन्हींना स्वच्छ खाण्याचं सर्टिफिकेट मिळालंय, म्हणजे हातमोजे, टोप्या, झाकलेलं पाणी ह्यावर ह्याच लोकांनी काम केलंच ना. तळणाचं तेल पण मोजता येतं, वापरलेल्या तेलात टोटल पोलर कंपाऊंड (तेल परत परत तापवून तयार होणारा खराब भाग) २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते टाकायचं असा नियम २०१८ पासून आहे. तेवढं जरी चौराह्यावरच्या कढयांमध्ये नेमानं तपासलं तरी खूप.

आणि इंदूरला हे जमणार नाही असं कोणी म्हणू नका. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत पहिलं येतंय. तेव्हा पण लोक म्हणायचे इंदूरवाला ओला-सुका वेगळा करेल? आज सासूबाई पोराच्या हातातून केळ्याचं साल घेऊन स्वतः योग्य डब्यात टाकतात, गाडी आली नाही तर फोन करतात. हे पत्रक वाटून झालं नाही. रोज दारात गाडी आली, रोज तोच माणूस, मिसळलेला कचरा दिला तर परत केला, कोणी किती दिला ते लिहिलं, दंडपण लावला, वर्षानुवर्षं. आपल्या निगमचा स्वास्थ्य विभाग म्हणजे बहुतेक साफसफाईच, पण त्या विभागाला लोकांची सवय कशी बदलायची ते येतं, बाकी देशात फार कमी जणांना येतं. त्यातलं दंडाचं सोडा, फक्त 'परत येणं' तेवढं कंबरेला लावा. आशा दीदी तशीही दर महिन्याला ह्यांच्या गोळीसाठी दारात येतेच, टेप तिच्या पिशवीत असतोच, माझी कंबर मोजून मागच्या महिन्याच्या शेजारी लिहायला मिनिट लागेल. पण त्या मिनिटाचे तिला पैसे मिळायला हवेत, तिच्यावर अजून एक फुकटचं काम टाका असं मी म्हणत नाहीये, आधीच तिच्या डोक्यावर किती रजिस्टरं आहेत ते मी बघितलंय.

आता पैशाची तुलना, कारण रिव्ह्यूमध्ये ती लागते. माझी मावसबहीण एका वजनवाल्या सेंटरला जाते, कोणत्या ते लिहीत नाही, तिथं पहिल्या दिवशी मशीनवर उभं करून 'शरीराचं वय' काढून देतात आणि मग पॅकेज. दर आठवड्याला फोन करतात, फोटो मागतात ताटाचा, आणि खरं सांगू, तिचं वजन उतरतंय ते त्या पावडरीनं नाही, त्या फोननं. दुसरं ते वजन उतरवायचं इंजेक्शन, मौंजारो, २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याकडं आलं तेव्हा सगळ्यात छोट्या डोसची एक बाटली साडेतीन हजाराची होती आणि ती आठवड्याला एक. डॉक्टरनं सांगितलं असेल, शुगर असेल तर जरूर घ्या, ते औषध आहे, पण लग्नात साडी नीट दिसावी म्हणून आपापलं घेऊ नका. सरकारी दवाखान्यात ह्यातलं काही नाही. तिथं टेप आहे, खरी माहिती आहे, कोणी काही विकत नाही, आणि फोन नाही. फोन जोडा, बस्स.

स्वच्छता बरी, बाथरूमचं विचारू नका. पिण्याचं पाणी होतं. पुरुषांची आणि बायकांची कंबर मोजायला मध्ये पडदा आहे, पडदा नीट लागतो. वजन पाहून कोणी हसलं नाही, कोणी "अरे बाप रे" म्हटलं नाही, हे खासगीत पण मिळत नाही नेहमी, मला एका नामांकित ठिकाणी डॉक्टरांनी माझ्यासमोर ह्यांना विचारलं होतं "घर में खाना अच्छा बनता है लगता है". इथं तसं नाही.

मोजमापाला पाच, वागणुकीला पाच, सल्ल्याला सिस्टर चांगली मिळाली तर चार आणि नुसतं पत्रक मिळालं तर दोन, पाठपुराव्याला बीपी-शुगरवाल्यांसाठी पाच आणि माझ्यासारख्यांसाठी शून्य, पोरांना घेत नाहीत त्याचा एक कापला. सरासरी तुमची तुम्ही काढा, मी वर तीन स्टार दिलेत.

जाणार असाल तर : सकाळी लवकर जा. आधार न्या आणि आधारला जोडलेला मोबाईल स्वतःजवळ ठेवा कारण ओटीपी त्यावरच येतो, आमच्या ह्यांचा नंबर मुलाचा निघाला आणि तो पुण्याला मीटिंगमध्ये, अर्धा तास आम्ही दोघं बाकावर. बायकांनी शक्यतो सलवार-कुर्ता घाला, टेपला सोपं जातं. काही खाऊन गेलात तर सिस्टरला आधी सांगा, कधी खाल्लं ते ती विचारतेच. आणि एक छोटी वही न्या, त्यात तारीख, वजन, कंबर, बीपी, शुगर तिच्याच हातानं लिहून घ्या, ती नाही म्हणत नाही. माझी आता भरत आलीय, समोरच्या वहिनींनी पण केलीय, त्यांची कंबर ८६ आहे, त्या सगळ्यांना सांगतात.